‘वरवरचं आहे, मॅडम’

बसा. खुर्च्या आणायच्या नाहीत, गच्चीच्या फरशीवरच बसा. दिवसभर तापलेली आहे, चटका लागेल, लागू दे. जिन्याचं दार लोटून घ्या रे कुणीतरी. बाकीची माणसं झोपलीत, माझा आवाज ऐकायला त्यांनी काय पाप केलंय?

त्याला दाखल केलं आहे. उद्या सकाळी ऑपरेशन. आईवडिलांशी मी बोलले, ते निघतायत. जीव जाणार नाही, हात जाणार नाही, बोटही जाणार नाही. तेव्हा हे रडवेले चेहरे आधी नीट करा. तुमच्या रडण्याशी मला काही घेणंदेणं नाही, मला एका शब्दाशी आहे. दुपारी चारच्या सुमाराला सहलीच्या ग्रुपवर मेसेज आला. मोठ्याने वाचते. ‘मायनर कट. सुपरफिशियल. नो टेन्शन मॅम.’ पुढे एक अंगठा आणि एक हसरा चेहरा. तेहेतीस जणांनी तो पाहिला. तेहेतीसही जण वर्षभर डिसेक्शन हॉलमध्ये उभे राहिलेले. एकालाही विचारावंसं वाटलं नाही, की सुपरफिशियल कशावरून?

लिहिलं कुणी, ते मला ठाऊक आहे. तू पुढे ये. उभा नको राहूस, बस, पण माझ्यासमोर बस.

सुरी निसटली, त्याने ती पडता पडता झेलली आणि नेमकी पात्याकडून झेलली, हे कळलं मला. शहाळ्याची मलई काढायला सुरी लागतेच कशाला? शहाळेवाला त्याच शहाळ्याच्या पाठीचा टवका उडवून चमचा करून देतो, जगभर देतो, इथेही देतो. असो. सुरी लागली. तू धावलास, ते चांगलं केलंस. बाटलीतलं पाणी ओतलंस, तेही बरोबर. मग पाहिलंस की रक्त थांबलंय, जखम अर्ध्या इंचाची आहे, आणि पट्टी गुंडाळून मोकळा झालास. तू लांबी मोजलीस, बाळा. कातडीवर रेघ केवढी आहे ते मोजलंस. ती रेघ आत कुठवर गेली आहे ते पाहायचं होतं, आणि तेवढंच राहिलं.

रात्री पानावर बसलो. त्याच्या पानात भात पडला, सांबार पडलं, तो कालवायला लागला आणि माझा घास हातातच राहिला. चार बोटं वळत होती. अनामिकाही मधल्या पेरापाशी वळत होती. फक्त तिचं शेवटचं पेर ताठ. केळीच्या पानावर पेन्सिल टेकवावी तसं. मी त्याला हात धुवायला लावला, मधलं पेर माझ्या चिमटीत सरळ धरलं आणि म्हटलं, टोक वाकव. त्याने दात आवळले, कपाळाला आठ्या घातल्या. टोक हललं नाही. आणि पोरगं मला काय म्हणालं? ‘पट्टी घट्ट झाली असेल, मॅडम. जखम वरवरची आहे.’ चार तास त्याने तुझ्या शब्दावर विश्वास ठेवला होता. स्वतःच्या बोटापेक्षा जास्त.

उजवा हात पुढे करा. सगळ्यांनी. मोबाइल खिशात. डाव्या हाताने उजव्या अनामिकेचं मधलं पेर धरा, हलू देऊ नका. आता टोक वाकवा. वाकलं? हे काम फ्लेक्झर डिजिटोरम प्रोफंडसचं. आता दुसरी गंमत. अनामिका मोकळी सोडा, बाकीची तीन बोटं सरळ दाबून धरा आणि अनामिका वाकवा. मधल्या सांध्यात वाकते आणि टोक लुळं लोंबतं. लोंबतंय ना? प्रोफंडसच्या मांसल भागात मधलं बोट, अनामिका, करंगळी यांचं खातं जवळजवळ एकत्र आहे. बाकीच्यांना डांबून ठेवलं की त्याला एकट्या अनामिकेसाठी ओढता येत नाही. मग वाकवतो तो सुपरफिशियालिस, कारण त्याचा प्रत्येक बोटाचा कारभार स्वतंत्र. करंगळीत हे काहींना जमणार नाही, त्यांनी लगेच हॉस्पिटल गाठू नये. कित्येकांच्या करंगळीचा सुपरफिशियालिस मुळातच अशक्त असतो. दोन्ही परीक्षांना मिळून वीस सेकंद लागली. पट्टी गुंडाळायला तुला त्याहून जास्त लागली असतील.

आता माझ्याकडे बघून सांग, बोटाच्या मधल्या पेरावर, तळव्याच्या बाजूने, कातडी कापली गेली तर कातडीच्या लगेच पलीकडे काय आहे? ‘सुपरफिशियालिस.’ का? ‘कारण तो सुपरफिशियल आहे.’

हे उत्तर मला अपेक्षितच होतं. आणि याच उत्तरासाठी मी तुम्हाला झोपेतून उठवलं आहे.

नाव कुठे ठेवलं गेलं ते बघ. कोपराखालच्या हातात. तिथे सुपरफिशियालिस कातडीच्या बाजूला आणि प्रोफंडस त्याच्या पलीकडे, हाडाला लागून. तिथे नाव खरं आहे. मनगटाच्या बोगद्यातही क्रम तोच. तळहातातही तोच. पण बोटाच्या पहिल्या पेरावर काय होतं? सुपरफिशियालिसचा टेन्डन दुभंगतो. कैचीसारखा फाटतो, त्याच्या दोन फाट्यांमधून प्रोफंडस पुढे घुसतो, आणि ते दोन फाटे मागे वळून मधल्या पेराच्या कडांना चिकटून तिथेच संपतात. प्रोफंडस एकटा पुढे टोकाच्या हाडापर्यंत जातो. म्हणजे मधल्या पेराच्या पुढच्या अर्ध्यात, जिथे सुरी लागली तिथे, कातडी, थोडी चरबी, टेन्डनची म्यान आणि लगेच प्रोफंडस. काही मिलिमीटरचा मामला. ज्याच्या नावाचा अर्थच ‘खोल’, तो तिथे येऊन उंबऱ्यावर बसलेला असतो. तू नावावर गेलास. प्रोफंडस म्हणजे खोल, खोल म्हणजे सुरक्षित, जखम छोटी म्हणजे वरवरची. एका नावावरून तीन निष्कर्ष, आणि तीनही चूक.

‘पण मॅडम, मी जखमेत बघितलं होतं. आत पांढरं अखंड दिसत होतं.’ बघितलंस? मग तुझ्या अपराधातला चतुर्थांश माफ, कारण बाकीच्यांनी तेवढंही केलं नाही. पण बोट कसं ठेवून बघितलंस? सरळ. आणि सुरी लागली तेव्हा बोट कसं होतं? पात्याभोवती मूठ आवळलेली. मूठ आवळली की टेन्डन मागे, मनगटाकडे सरकतो. तेव्हा पात्याला लागला तो त्याचा एक विशिष्ट तुकडा. नंतर तू बोट सरळ केलंस. त्या तुकड्याच्या पुढे जोडलेलं टोक पुढे गेलं, आणि कातडीची जखम एकीकडे राहिली, टेन्डनची दुसरीकडे. खिडकी आणि चोर समोरासमोर राहिले नाहीत. खिडकीतून भिंत अखंड दिसली म्हणून तू घरात चोरी झाली नाही असं लिहून दिलंस. अशी जखम नुसती बघायची नसते; बोटाला काम सांगायचं असतं. आणि टोकाच्या दोन्ही कडांना संवेदना आहे का ते विचारायचं असतं. बोटात मज्जातंतू तळव्याच्या बाजूला आणि धमनी त्याच्या पलीकडे असते. म्हणजे धमनी उडत असेल तर तिच्या अलीकडचा तंतू वाचलेला असणं कठीण. तळहातात हाच क्रम उलटा होतो, तिथे धमनीची कमान आधी लागते आणि तंतू नंतर. चार इंचांत खोलीचा क्रम फिरला. पाठ कराल काय काय? म्हणून म्हणते, जागेवर जाऊन विचारा.

हॉस्पिटलमध्ये ड्यूटीवर एक लहानखुरी डॉक्टर होती, तुमच्याहून चार-पाच वर्षांनी मोठी असेल. तिने आमच्या ड्रायव्हरला नाव-गाव विचारायच्या आधी विचारलं, ‘एव्वळवु आळम्?’ किती खोल. आणि तुमच्यातली एक हुशार बाई उत्तर देती झाली, ‘जस्ट बिलो द स्किन.’ त्या डॉक्टर मुलीने मान वर करून पाहिलं, काही बोलली नाही. मला मात्र जमिनीत गाडून घ्यावंसं वाटलं.

बिलो. खाली. वर्षभर तुमची जर्नल्स तपासताना या एका शब्दाने माझं डोकं उठवलं आहे. कातडीखाली स्नायू. गुडघ्याखाली पिंढरी. बरगडीखाली यकृत. पहिलं ‘खाली’ म्हणजे खोल, शरीराच्या पृष्ठभागापासून दूर. दुसरं म्हणजे पायांच्या दिशेला. तिसरं? लिहिणाऱ्यालाच विचारा, त्यालाही सांगता येणार नाही, कारण यकृत बरगड्यांच्या आतल्या अंगालाही आहे आणि थोडं पायांकडेही. घरात बोलताना मराठीचं ‘खाली’ हे सगळं सांभाळून घेतं. उशीखाली किल्ली म्हटलं की कुणी उशीच्या पायथ्याशी शोधत नाही. पण रोगी पालथा झोपवला, की तुमचं ‘खाली’ कुठे जातं? पाठीच्या कातडीपलीकडचा स्नायू आता जमिनीच्या दिशेला, पोटाच्या कातडीपलीकडचा आभाळाच्या. ‘डीप’ मात्र जिथल्या तिथे राहतं. माणूस उभा असो, आडवा असो, झाडाला उलटा टांगलेला असो, जे कातडीपासून लांब आहे ते लांबच आहे. म्हणून तर आपण एक उभी मुद्रा ठरवून घेतली, तळहात पुढे, नजर समोर, आणि सगळी दिशादर्शक नावं तिच्यावर बसवली.

आणि ‘आत’चा गोंधळ काढूच नका. ‘शीर आतल्या बाजूला आहे.’ कुठल्या आत? शरीराच्या मधल्या रेषेकडे? पोकळीच्या आत? की कातडीपासून खोल? तीन वेगळ्या दिशा आणि तुमचा शब्द एक. हे मी इंग्रजीच्या कौतुकाने सांगत नाही. तुमचं इंग्रजी तर मराठी ‘खाली’चंच भाषांतर आहे, बिलो, अंडर, इनसाइड. आपल्याकडे शब्द नव्हते असंही नाही. आयुर्वेदात वातरक्ताचे दोन प्रकार सांगितले आहेत, उत्तान आणि गंभीर. कातडी आणि मांसापर्यंतचं ते उत्तान, त्याहून खोल धातूंत शिरलेलं ते गंभीर. ‘वर’ नाही, ‘खाली’ नाही. तुम्ही गंभीर हा शब्द फक्त चेहऱ्यासाठी ठेवलात, आणि तोही आज रात्रीच वापरलात.

हे काय आहे माझ्या हातात? पुढच्यांनी बघून मागे द्या. हरवू नका, एवढाच आहे. साळ. भाताचा कुसासकट दाणा. सकाळी रस्त्याच्या कडेला वाळत घातलेल्या भातातून उचलला. कावेरीच्या या मुलखात पावलापावलाला मिळतो. सुश्रुताने खोली मोजायला हा दाणा घेतला होता, व्रीहि. त्याने कातडीचे सात थर सांगितले. सगळ्यात बाहेरचा अवभासिनी, दाण्याच्या अठराव्या भागाएवढा. मग लोहिता, सोळावा भाग. श्वेता बारावा, ताम्रा आठवा, वेदिनी पाचवा. मग रोहिणी, एक पूर्ण दाणा. शेवटची मांसधरा, दोन दाणे. तुझ्या सूक्ष्मदर्शकाशी हे जुळत नाही, मला माहीत आहे, हात खाली कर. जुळवायला सांगतही नाही. पुढचं ऐक. एवढं सगळं मोजून झाल्यावर त्याने काय बजावलं? ही मापं मांसल जागेची. कपाळावर आणि बारीक बोटांवर ती लावू नका. बोटांवर! आणि लगेच शेजारी पोटाचं उदाहरण दिलं, की तिथे पाणी काढायचं तर व्रीहिमुख नावाचं शस्त्र अंगठ्याच्या रुंदीइतकं खोल जाऊ द्यावं. म्हणजे खोलीचा आकडा सांगितला, की ती कुठली खोली हेही त्याच श्वासात सांगितलं. तुला बोट आणि मांडी यातला फरक आज दुपारी कळला नाही. चौरसियाची ॲनाटॉमीची पुस्तकं आहेत ना तुझ्याकडे? नुसती कव्हरं घालून ठेवली आहेस की उघडतोस?

त्याच सुश्रुताने शव कसं पाहावं तेही लिहिलं आहे. मुंज गवत वगैरे गुंडाळून, पिंजऱ्यात ठेवून, वाहत्या पाण्यात आडोशाला सोडायचं. सात रात्रींनी काढायचं. मग वाळा, केस, बांबू, सालीच्या कुंचल्याने हळूहळू घासत एकेक थर उलगडत डोळ्यांनी पाहायचा. कुंचल्याने. चाकूने नाही. आणि तुम्ही? दंडाच्या डिसेक्शनला अकरा मिनिटांत हाडाला पोचलात आणि वर मला सांगायला आलात, ‘झालं, मॅडम.’ काय झालं? कोपरापुढच्या खळग्यात कातडीनंतर चरबीत ती शीर होती, जिच्यातून रोज हजारो लोकांचं रक्त काढतात. तिच्या आणि ब्रेकियल धमनीच्या मध्ये बायसेप्सपासून निघालेला एक चापट पांढरा पडदा आहे, कागदासारखा. तो तुम्ही चरबीबरोबर खरवडून बादलीत टाकलात. शिरा फोडून रक्त काढणाऱ्या जुन्या न्हाव्यांच्या काळी त्या पडद्याने किती धमन्या वाचवल्या असतील! फ्रेंच वैद्य त्याला ‘देवाची कृपा’ म्हणायचे. तुमच्या टेबलावर देव होता आणि तुम्हाला दिसला नाही.

शीर ‘सुपरफिशियल’ म्हणजे बिनधोक, हेही डोक्यातून काढा. मांडीत एक शीर आहे, तिला वर्षानुवर्षं ‘सुपरफिशियल फेमोरल व्हेन’ म्हणत आले. प्रत्यक्षात ती खोल शीर आहे, धमनीच्या सोबतीने स्नायूंच्या मधून जाणारी. नुसतं नाव सुपरफिशियल. तपासणीच्या कागदावर ‘त्या शिरेत गुठळी’ असं यायचं, वाचणारा डॉक्टर म्हणायचा, वरची शीर आहे, पाय शेकायला सांगा. आणि खोल शिरेतली गुठळी सुटून फुप्फुसात गेली की माणूस गेला. १९९५ साली अमेरिकेतल्या ‘जामा’ या नियतकालिकात यावर लेख आला, की हे नाव जीवघेणं ठरू शकतं, ते वापरू नका. एका विशेषणावर लेख. तुमच्या प्रोफंडसची नेमकी उलटी गोष्ट: तो नावाने खोल आणि बोटात उथळ, ही नावाने उथळ आणि मांडीत खोल. नावं ठेवणारी माणसं होती. पात्याला आणि गुठळीला बारसं माहीत नसतं.

मग विचारायचं कसं? ‘अमुक खोल आहे का’ हा प्रश्नच अर्धवट आहे. हृदय खोल आहे? छातीच्या हाडाच्या मानाने खोल. अन्ननलिकेच्या मानाने, पुढून येणाऱ्याला, उथळ. आणि तोच माणूस पाठीकडून आलात तर आधी अन्ननलिका. कशाच्या मानाने, कुठल्या पातळीवर, कुठल्या बाजूने शिरताना आणि मध्ये काय काय लागतं. एवढं सांगता येत नसेल तर सुपरफिशियल हा शब्द उच्चारू नका, ‘मला माहीत नाही’ म्हणा. त्याला मी मार्क देते. देते की नाही? विचारा तुमच्या सीनियर्सना.

आता सकाळचं. तंजावरच्या सरस्वती महालाच्या संग्रहालयात ल ब्रूँ या फ्रेंच चित्रकाराची ती चित्रं आहेत, माणसाच्या चेहऱ्याशेजारी जनावराचा चेहरा, घुबड, बैल, उंट. तिथे तुम्ही अर्धा तास उभे. हा अमक्यासारखा दिसतो, ती तमकीसारखी. हसा, हसायला माझी ना नाही. पण नंतर बसमध्ये मी सरफोजीराजांच्या काळातल्या डोळ्यांच्या रोग्यांच्या नोंदी मोबाइलवर दाखवल्या, तर निम्मे झोपले आणि निम्मे खिडकीबाहेर. रोग्याचा डोळा रंगात काढलेला, शेजारी त्याच्या आजाराची आणि उपचाराची हकीकत. १८३२ साली वारलेला राजा आहे तो. आपल्यासारखाच मराठी बोलणारा, मिशनऱ्याच्या हाताखाली शिकलेला, धन्वंतरी महाल काढून त्यात वैद्य बसवणारा. त्या काळी मोतीबिंदू सुईने सारत. सुई डोळ्याच्या पांढऱ्या भागातून बाजूने घालायची, बुबुळामागे न्यायची आणि गढूळ भिंग दृष्टीच्या रेषेतून खाली ढकलायचं. बघा, इथे ‘खाली’ बरोबर आहे, खरोखरच पायांच्या दिशेला. पण सुई आत किती गेली हे माप वेगळं आणि भिंग खाली किती गेलं हे वेगळं. दोन्ही मापं एकाच सुईच्या टोकावर, तीही डोळ्यात. गोंधळ झाला की माणूस आंधळा. ज्याला ‘आत’ आणि ‘खाली’ यांत फरक करता येत नाही त्याच्या हातात ती सुई कुणी दिली असती?

त्या राजाने हस्तिदंताचा सांगाडा करून घेतला होता, हे ऐकून तुमच्यातला एक म्हणाला, ‘भारी, पैसा होता.’ अरे, पैसा होता म्हणून नव्हे. खऱ्या माणसाची हाडं महालात ठेवणं त्याच्या धर्माला चालणारं नव्हतं, आणि शिकायची तर इच्छा होती. म्हणून हस्तिदंत. आणि सांगाडा म्हणजे तरी काय? सगळ्यात शेवटचा थर. त्याच्या अलीकडे काय काय होतं, कुठल्या क्रमाने होतं, ते हाड सांगत नाही. हस्तिदंत तर मुळीच नाही. राजाला अख्खी दौलत खर्चून जे मिळालं नाही, ते तुम्हाला पहिल्याच आठवड्यात टेबलावर मिळालं. कुणाचे तरी आजोबा. मरणाआधी सही करून गेलेले. पहिल्या दिवशी हात जोडून शपथ घेतलीत त्यांच्यापुढे, फोटो काढायचा हट्टही मी मोडून काढला होता. तेव्हा तुमचे डोळे ओले होते. अकरा मिनिटांत हाड गाठलंत तेव्हा कोरडे.

मी फार बोलते आहे. दमले आहे. आज चार तास त्या कॅज्युअल्टीच्या बाकावर बसून हाच विचार करत होते की वर्षभर मी तुम्हाला काय शिकवलं. थर मोजायला शिकवले की नाही? स्काल्पचे पाच थर तुम्ही पोपटासारखे म्हणता, कातडी, जोडऊती, पांढरा पडदा, सैल ऊती, हाडावरचं आवरण. चौथ्यात रक्त साचलं तर पापण्या काळ्यानिळ्या का होतात हेही सांगता. पोटाची भिंत म्हणता. मग बोटापाशी काय झालं? परीक्षेत बोट येत नाही, म्हणून? हे मलाच विचारायला हवं, कदाचित. विचारेन. पण तुमच्यासमोर नाही.

तू, आता मोबाइल काढ. दुपारचा मेसेज पुसू नकोस, राहू दे, लाज वाटायला राहू दे. त्याच्याखाली नवा लिही. मी सांगणार नाही. तू बोल, मी ऐकते. उद्या सर्जनलाही हेच सांगायचं आहे, तुलाच सांगायचं आहे, तू माझ्याबरोबर येणार आहेस.

‘उजवी अनामिका.’ बरोबर. ‘तळव्याच्या बाजूला, मधल्या पेरावर.’ पेराच्या कुठल्या भागात? ‘टोकाकडच्या.’ हं. ‘मूठ वळलेली असताना धारदार पात्याने.’ शाबास, हे विसरला नाहीस. ‘मधला सांधा वाकतो, शेवटचा वाकत नाही. टोकाच्या दोन्ही कडांना स्पर्श कळतो.’ तपासलास? कधी? मी त्याला गाडीत बसवत होते तेव्हा? बरं. पुढे. ‘जखम कातडीखाली…’ थांब. परत. ‘कातडी, चरबी आणि म्यान ओलांडून प्रोफंडसपर्यंत. प्रोफंडस तुटला असावा. सुपरफिशियालिस शाबूत.’ का शाबूत? ‘कारण तो त्या जागेच्या आधीच संपतो.’

पाठव.

तो साळीचा दाणा कुठे गेला? आणा इकडे. आता झोपा. पहाटे साडेपाचला सगळे आंघोळ करून खाली. हो हो, हसू नका, इथे ‘खाली’च. जिना आहे.